रक्ताचं वय

"मूठ आवळा. हं. आता त्या खिडकीवरचं कबुतर काय करतंय, सांगा बघू."

"कुठलं कबुतर?" मुलीनं मान वळवली.

"उडालं वाटतं," तो म्हणाला. तिनं पुन्हा इकडे पाहिलं तोवर सुई शिरेत जाऊन नळी अर्धी भरलीही होती.

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या या खोलीत तो एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढत होता. मुलांच्या वॉर्डानं त्याचं नाव डासकाका ठेवलं होतं, कारण चावतो पण कळत नाही. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली आणि त्यानंही कधी वाईट वाटून घेतलं नाही. औषधांनी ज्यांच्या शिरा सुकून दोऱ्यासारख्या झालेल्या असत, अशांना वरच्या मजल्यावरच्या नर्स हात टेकून त्याच्याकडे पाठवत. तो दंडाला रबरी पट्टा बांधायचा, डोळे मिटायचा आणि दोन बोटांनी शीर शोधायचा. सापडली की चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही हरवलेली किल्ली मिळाली.

ही मुलगी एकवीस वर्षांची होती. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाल चट्टा, कोणी गुलाल लावून अर्धवट पुसावा तसा. दोन वर्षं तिला ल्युपस होता. शरीराचं रक्षण करणारी शक्ती उलटून शरीरालाच चावते, तो आजार. आज काढलेली जांभळ्या टोपणाची नळी मात्र तिच्या उपचारांसाठी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर वर्षभरापूर्वी एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, त्यासाठी ती जायची होती. त्या नळ्यांवर नाव नसे, फक्त आकडा.

तो आकड्याची चिठ्ठी चिकटवत होता, तेव्हा शेजारी उभी असलेली मुलीची आई हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू? हे माझ्याकडून गेलंय का हिला?"

"आई, झालं तुझं सुरू!" मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. मी यांना विचारतेय." बाई त्याच्या आणखी जवळ आली. "हिची आजी, माझी सासू, म्हणते, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. माझ्या मावशीचे सांधे धरायचे, एवढंच मला आठवतं. खरं काय ते सांगा. मला वाईट वाटणार नाही."

'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर त्याच्या तोंडात कायम तयार असे. दिवसातून वीस वेळा तो ते द्यायचा. आज ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. या बाईला सगळ्यात जास्त वाईट वाटणार होतं ते कशाचं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"पुढच्या मंगळवारी येणार ना तुम्ही?" तो म्हणाला. "तोवर विचारून ठेवतो."

*

चौतीस वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण याच इस्पितळात गेली. तेवीस वर्षांची होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. आधी बोटांचे सांधे सुजले, मग केस गळू लागले, मग उन्हात गेलं की तोंड लाल व्हायचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासरच्यांना वाटलं, काम टाळते. पायांवर सूज आली आणि लघवी बंद होत आली तेव्हा कुठे तिला इथं आणलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मूत्रपिंडात सुई घालून तुकडा काढून तपासला, आणि मान हलवली. अकराव्या दिवशी सगळं आटोपलं.

बाराव्या दिवशी तिची सासू तिची लुगडी आणि चार भांडी परत करायला आली. दारातच उभी राहून म्हणाली, "तुमच्या घराण्याचं रक्तच नासकं. आधी सांगितलं असतंत तर आमचा मुलगा तरी वाचला असता."

बाबांनी त्या बाईला हाकलून दिलं.  आई ती भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि घासत बसली. स्वच्छच होती ती भांडी.

ते एक वाक्य मग घरात बिऱ्हाड करून राहिलं. कोणी त्याचा उच्चार करत नसे, पण त्याला वळसा घालूनच सगळे वावरत. दोन-तीन वर्षांनी त्याला या खोलीत नोकरी लागली. बाबा म्हणाले, "बाकीची कामं मेली होती का?" त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण लोकांच्या रक्ताकडे तो रोज जरा जास्तच निरखून पाहायचा. नासकं रक्त कसं दिसतं? सगळ्यांचं सारखंच लाल निघे.

वरच्या वॉर्डात तेव्हा एक नर्स होती. रोज काही ना काही निमित्त काढून खाली यायची. एकदा तिनं सरळच विचारलं, "माझ्या घरी कधी येताय बोलायला?" तो पट्टा गुंडाळत म्हणाला, "आमच्या घरचं रक्त चांगलं नाही. उद्या मुलं झाली तर..."  "रक्ताशी लग्न करायचं म्हटलं नव्हतं मी," ती एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली. नंतर तिची बदली झाली. त्याला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. घरी तो आणि आई, दोघंच. आणि या एकतीस वर्षांत त्यानं स्वतःचं रक्त एकदाही तपासून घेतलं नव्हतं.

*

दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टरीण त्याच्या निम्म्या वयाची असेल. केसांत पेन्सिल खोचून फिरायची आणि मग सगळीकडे तीच पेन्सिल शोधायची. त्यानं दारात उभं राहून त्या बाईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"बसा ना काका," ती म्हणाली. "त्यांना सांगा, हो आणि नाही. आईकडून थोडं येतं, वडिलांकडून थोडं येतं. आणि दोघांकडून आलं तरी आजार होईलच असं नाही. एका जनुकाचा हा खेळ नाही. शंभरावर जागा सापडल्यात आजवर. एकेक जागा इतकीशीच. पण त्यातल्या बऱ्याच जागा आपली राखण करणाऱ्या शक्तीच्या आहेत. बाहेरचं कोण, घरचं कोण, हे ओळखायला शिकवणाऱ्या."

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर अक्षरं होती. चारच अक्षरं, पण पुन्हा पुन्हा, ओळींमागून ओळी, वर सरकवल्या तरी संपेनात. मधेच एखादं अक्षर पिवळं.

"हे काय?"

"तुम्ही खालून पाठवता ना, ते. एका माणसाच्या नळीतला अगदी छोटा भाग."

तो पुढे सरकून बसला. हजारो नळ्या त्यानं भरून दिल्या होत्या. आपण काय भरून देतो, हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं.

"आणि हा आजार सगळ्या लोकांत सारखा नाही," ती सांगत होती. "थंड मुलखातल्या गोऱ्या लोकांत कमी. उष्ण मुलखातून आलेल्यांत, बेटांवरच्या लोकांत, आपल्यासारख्यांत जास्त, आणि मूत्रपिंड धरतो तोही जास्त. गंमत बघा, ज्यांना आजार जास्त, त्यांचंच रक्त आजवर कमी वाचलं गेलं. म्हणून हा अभ्यास. सात देशांतून नळ्या येतायत. इथल्याच बघा, बंदरावरचे लोक, डोंगरातून आलेले, दोन पिढ्यांपूर्वी जहाजातून उतरलेले, सगळे तुमच्याच खुर्चीत बसून गेलेत."

"पण आमच्यासारख्यांतच का जास्त?" आपण 'आमच्या' म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. गरिबी, ऊन, वेळेवर न मिळणारे उपचार, हेही आहेच. पण एक धागा सापडतोय." तिनं एका पिवळ्या अक्षरावर बोट ठेवलं. "हा बदल बघा. हा असला की ल्युपसचा धोका वाढतो. मग हजारो वर्षांत तो नाहीसा का नाही झाला? उलट जिथं हिवतापानं माणसं मरत, तिथल्याच लोकांत तो जास्त टिकला. कारण हा ज्यांच्या अंगात होता, त्यांचं शरीर तापाशी जास्त जोरानं लढायचं. त्यांची मुलं जगली. बाकीच्यांची..." तिनं हात झटकला. "आपण कोणाची पोरं? जे वाचले त्यांची. त्यांच्या अंगातला पहारेकरी फार कडक होता, काका. तोच आपल्याला मिळाला. आता कधीकधी तो घरच्यांनाच चोर समजतो."

"हिवताप म्हणजे डासांचा?"

"डासांचाच."

"म्हणजे यातही आमचं नाव आहेच," तो म्हणाला आणि डॉक्टरीण खळखळून हसली. तोही हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. तिनं हसणं आवरलं.

"हे तुम्ही त्या बाईंसाठी विचारायला नव्हता आलात ना?"

मग त्यानं सगळं सांगितलं. सासूचं ते वाक्यही सांगितलं. चौतीस वर्षांत ते पहिल्यांदा त्याच्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं, आणि बाहेर पडल्यावर केवढंसं वाटलं.

डॉक्टरिणीनं केसांतली पेन्सिल काढली. मग तिनं विचारलं, "बायॉप्सी इथंच झाली होती? कुठल्या साली?"

*

इस्पितळाच्या तळघरात तो कधी उतरला नव्हता. तिथला रखवालदार म्हणजे एक जाड चष्म्याचा, कायम स्वेटर घालणारा गृहस्थ. त्यानं साल ऐकलं आणि भुवया वर केल्या. "ते शेवटच्या रांगेत. फेकायचा हुकूम तीनदा आला. मी तिन्ही वेळा कागद हरवला," तो अभिमानानं म्हणाला.

लोखंडी कपाटांच्या रांगाच रांगा. प्रत्येक कपाटाला अरुंद खण, खणांत ओळीनं लावलेल्या मेणाच्या चौकोनी वड्या. प्रत्येक वडीत कोणाच्या तरी शरीराचा एक कण. डॉक्टरीण जुन्या वहीतला आकडा वाचत होती आणि रखवालदार खणांवरून बोट फिरवत होता.

"ही घ्या."

नखापेक्षा थोडी मोठी वडी. मेण पिवळं पडलेलं. मधे तपकिरी दोऱ्याच्या तुटक्या टोकासारखं काहीतरी.

त्यानं ती तळहातावर घेतली. घरात धाकटीचा एक फोटो होता, तोही पुसट झालेला. बाकी काही उरलं नाही, असंच तो आणि आई धरून चालले होते. आणि इतकी वर्षं तो रोज सकाळी ज्या फरशीवर खुर्ची सरळ करत होता, तिच्याच खाली ती होती. चौतीस वर्षं.

"यातून वाचता येईल?" त्यानं विचारलं.

"सगळं नाही. धागे तुटले असतील. पण तुकड्या-तुकड्यांनी येईल. मात्र घरच्यांची सही लागेल. आई आहेत ना?"

*

आईला सांगायला त्यानं तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी दुपारी ती चष्मा लावून मेथी निवडावी तशा मन लावून आपल्या औषधाच्या गोळ्या डब्यांत लावत होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण गोळ्यांचा रंग चुकला की औषधवाल्याला परत पाठवील अशी.

तो बोलत राहिला आणि ती गोळ्या लावत राहिली. त्यानं अक्षरांचं सांगितलं, हिवतापाचं सांगितलं, सात देशांचं सांगितलं. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच गेलं तिला."

"तुझ्याकडून, बाबांकडून. त्यांच्या आई-बापांकडून. आई, हे किती मागचं आहे, सांगू? राजे नव्हते तेव्हाचं. शेती तरी होती की नाही, कोण जाणे. तेव्हा कुठल्याशा झोपडीत एखादी बाई तापानं फणफणली आणि मेली नाही. तिच्यापासून ते तुझ्यापर्यंत आलं. ते आलं नसतं तर तू नसतीस, मी नसतो."

"आणि धाकटी?"

"धाकटीही नसती."

आईनं डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. "मी तिच्या वेळी पोटुशी असताना उन्हात लाकडं आणायला जायचे. माझी सासू नको म्हणायची. मला वाटायचं, ते ऊन तिला बाधलं." तिनं चष्मा काढला. "चौतीस वर्षं मी ते ऊन मोजतेय."

त्याला हे माहीत नव्हतं. एकाच घरात, एकाच चुलीसमोर बसून दोघांनी वेगवेगळा दोष उराशी धरला होता, आणि एकमेकांना लागू नये म्हणून कधी बोलून दाखवला नव्हता.

"सही कुठं करायची?" आईनं विचारलं. आणि मग, "नुसती सही नको. माझंही काढ. तिचं वाचताय, तर माझं तिच्या शेजारी ठेवा."

*

मंगळवारी ती बाई आणि तिची मुलगी आधीच बाकावर बसली होती. त्यानं त्यांना सांगितलं, जसं सांगता आलं तसं. बाई ऐकत राहिली. मुलगीच मधे म्हणाली, "म्हणजे मी खूप जुनी आहे तर!" आणि आईच्या दंडाला कोपर मारून हसली. बाईनं तिच्या गालावरच्या चट्ट्यावर हात ठेवला. "आपली माणसं वाचत आली, याचा पुरावा म्हणून एवढं पुरे आहे मला," ती म्हणाली. 

त्याच खुर्चीत मग आई बसली. तिनं पदर सावरून हात पुढे केला. कातडी इतकी पातळ की सगळ्या शिरा उघड्याच दिसत होत्या. शोधायचं काही नव्हतंच. त्यानं पट्टा बांधला, सुई घेतली आणि खिडकीकडे पाहिलं.

"कबुतर-बिबुतर काही सांगू नकोस," आई म्हणाली. "टोच."

त्याचं स्वतःचं रक्त डॉक्टरिणीनं काढलं. दोनदा चुकली. "तुम्ही अक्षरंच वाचा मॅडम," तो म्हणाला, "सुईचं आमच्यावर सोडा." हातावर पैशाएवढा काळानिळा डाग उठला. तो त्यानं वरच्या मजल्यावरच्या नर्सना हौसेनं दाखवला.

*

पाच महिने गेले. मग एका सकाळी डॉक्टरिणीनं दोघांना वर बोलावलं. पडद्यावर तीन ओळी होत्या, एकाखाली एक. वरची आईची, मधली त्याची, खालची धाकटीची. धाकटीच्या ओळीत जागोजाग अक्षरं गळली होती.

"आईंची ही तीन पिवळी अक्षरं दोघांकडेही आलीत," डॉक्टरीण म्हणाली. "ही दोन आईंकडे नाहीत, पण तुम्हा भावंडांकडे आहेत. ती वडिलांकडची. वाचता आलेल्या पिवळ्या जागांत तुमच्यात आणि बहिणीत फरक फक्त एका जागेचा आहे, काका."

तो बघत राहिला. म्हणजे ते जवळजवळ सगळं त्याच्यातही होतं. अठ्ठावन्न वर्षं तोच कडक पहारेकरी त्याच्या अंगातही जागा होता आणि त्यानं घरच्या कोणाला हात लावला नव्हता.

"मग तिलाच का?"

"ती बाई होती. दहांतल्या नऊ जणी बायकाच असतात. एखादा ताप येऊन गेला असेल, ऊन लागलं असेल, नुसती वाईट वेळही असेल. मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

वरच्या वॉर्डातली ती नर्स त्याला आठवली. ती बोलली होती ते बरोबर होतं. हे आज कळून उपयोग काय, असा विचार आला आणि तो विचार त्यानं येऊ दिला. तो टोचला. मग पुन्हा त्याची नजर त्या ओळींकडे गेली. बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ही दोन अक्षरं त्यांची होती. त्यांच्यामागे कोण, त्यांच्यामागे कोण, असं मोजत गेलं तर मोजणारा संपेल. एवढी सगळी माणसं तापातून, पुरातून, दुष्काळातून वाचत वाचत या छोट्या खोलीपर्यंत चालत आली होती आणि पडद्यावर उभी होती. त्याला एकदम उठून उभं राहावंसं वाटलं. तो उभा राहिलाही.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही. पाय अवघडला."

"ती कुठंय?" आई म्हणाली. "मला बघायचंय."

डॉक्टरिणीनं एक लांबट खोका आणला. आता तिथं अभ्यासाच्या सगळ्या जुन्या वड्या एकत्र ठेवल्या होत्या, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, आकडे टाकलेल्या. त्यातली एक तिनं काढून आईच्या हातात ठेवली. आईनं ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. अंगठ्यानं मेणावरची धूळ पुसली.

"हवी तर घरी नेता येईल," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "मी कागद करून देते."

आईनं खोक्यात वाकून पाहिलं. एकीला लागून एक, कितीतरी.

"या सगळ्या कोणाकोणाच्या?"

"कुठल्या कुठल्या लोकांच्या, आजी. बहुतेक मुलीच."

 आईनं वडी होती तिथं परत ठेवली, आणि जरा तिरकी बसली होती ती बोटानं सरळ केली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "कामाला लागलीय ती."

आणि मुलाच्या हाताचा आधार घेऊन ती उठली.